हेसुकबाई आणि दाराचा पासवर्ड

बान हेसुक हिचा मी सात वेळा नवरा झालो आणि त्यातल्या पाच वेळा मी आधीच मेलेला होतो. आमच्याकडच्या मालिकांत वडिलांचं काम तेवढंच असतं. भिंतीवर फोटोत बसायचं आणि बायको समोर येऊन रडायला लागली की निमूट ऐकून घ्यायचं. उरलेल्या दोन वेळा मी जिवंत होतो, तेव्हा वर्तमानपत्र वाचलं आणि खोकलो. मी खोकलो की प्रेक्षक ओळखायचे, हा काही आता फार दिवस काढत नाही. माझं नाव ताक ग्युसिक, पण स्टुडिओत मला सगळे फोटोवाले काका म्हणतात. हेसुक मला 'अहो' म्हणते. ती पडद्यावरची सवय आहे, दुसरं काही नाही. लोकांना दुसरं काही वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

हेसुक पहिल्यांदा पडद्यावर आई झाली तेव्हा तिचा पडद्यावरचा मुलगा तिच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान होता. तेव्हापासून ती आईच. आमच्या मालिकांत आया दोनच प्रकारच्या. श्रीमंत आई मुलाच्या प्रेयसीला कॉफीच्या दुकानात बोलावून तिच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते. गरीब आई स्वतःच्याच मुलीच्या पाठीत धपाटा घालते. हेसुकला दोन्ही येतं. तिच्या धपाट्याचा आवाज शेजारच्या सेटवर ऐकू जातो आणि पाठीला मात्र काही होत नाही, म्हणून नव्या नट्या मुद्दाम तिलाच आई म्हणून मागतात. सेऊलमधल्या निम्म्याअधिक नट्यांनी तिचा मार खाल्लाय आणि सणाला तिच्याकडे फळांच्या पेट्या येतात.

तिच्यात खोट एकच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मेकअपच्या खुर्चीत बसली की घरातलं सगळं बाहेर. तिच्या गुडघ्यात पाणी झालं होतं ते डॉक्टरआधी स्पॉटबॉयला कळलं होतं.

तिच्या खऱ्या घरातही नवरा फोटोतच आहे. मुलगी शाळेत होती तेव्हा तो गेला. ही मुलगी, दाजोंग, हेसुकने एकटीने वाढवली. दिवसभर परक्या पोरींना धपाटे घालायचे आणि संध्याकाळी घरी येऊन हिच्यासाठी भात लावायचा, असं वीस वर्षं चाललं. दाजोंग हुशार निघाली, कम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत लागली आणि नदीपलीकडे बाराव्या मजल्यावर एकटी राहायला गेली. हेसुक दर मंगळवारी, दाजोंग ऑफिसात असताना, दाराच्या आकड्यांच्या कुलपावर पासवर्ड दाबून तिच्या घरात शिरायची. मुळ्याची आंबवलेल्या लोणच्यासारखी किमची, सोया सॉसमध्ये शिजवलेली काळी सोयाबीन, परतलेली बारीक सुकी मासळी असे डबे फ्रिजमध्ये लावायची, जुनं काय असेल ते फेकायची आणि ओटा पुसून परत यायची. गाडी माझी असायची, कारण हिला चालवता येत नाही. मी खाली पार्किंगमध्ये डुलकी काढायचो.

संध्याकाळी मग फोन.

"आई, फ्रिजमधला पांढरा डबा कुठाय?"

"फेकला. वास मारत होता."

"अगं ते चीज होतं! त्याचा वास तसाच असतो!"

"वास मारणाऱ्या वस्तूला पैसे मोजतेस? तुझ्या शिक्षणाचा काय उपयोग मग?"

असं त्यांचं भांडण चालायचं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा डबे जायचे. आमच्याकडे आयांना मुलांच्या घराचा पासवर्ड ठाऊक असतो. त्यावरून सुनांचे घटस्फोट झालेत, पण पासवर्ड आयांकडेच आहेत.

उन्हाळा संपत आला होता, त्या मंगळवारी मी पार्किंगमध्ये नुकताच डोळा लावला आणि वरून सायरन ऐकू आला. वर गेलो तर बाराव्या मजल्यावर हेसुक दोन्ही हातांत गाठोडी धरून उभी आणि कुलूप बोंबलतंय. तीनदा चुकीचा पासवर्ड दाबला की ते बोंबलतं. इमारतीचा रखवालदार धापा टाकत आला, त्याने हिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"अरे, तुम्ही त्या पाणी फेकणाऱ्या आई ना! शूटिंग चाललंय का? कॅमेरा कुठाय?"

"कॅमेरा नाही, बाबा. माझ्या मुलीचं घर आहे."

"मग पासवर्ड कसा नाही?" त्याने अगदी सरळ मनाने विचारलं.

हेसुकने तिथूनच दाजोंगला फोन लावला. दाजोंग म्हणाली, "बदललाय मी, आई. येण्याआधी फोन करत जा." नवा पासवर्ड तिने सांगितला नाही आणि हिनेही विचारला नाही. डबे दाराच्या मुठीला अडकवून आम्ही खाली आलो. गाडीत बसल्यावर तिने पट्टा दोनदा लावला आणि दोनदा काढला.

"अहो, घरात कुणीतरी पुरुष आहे," ती म्हणाली.

"असला तर असू दे की. चौतिशीची आहे ती."

"असू दे! पण मला कळायला नको? मी काय पाणी फेकणार आहे त्याच्या तोंडावर?"

खात्री मलाही नव्हती, म्हणून मी गाडी सुरू केली.

त्याच सुमारास आमच्या चॅनेलने एक परदेशी मालिका विकत घेऊन आपल्याकडे नव्याने बनवायला काढली. मूळ मालिका नॉर्वेतली. दोन शेजारी, दोघे घटस्फोटित, मध्ये एक पातळ भिंत. दोघे एकमेकांचं भांडण, गाणं, घोरणं ऐकतात आणि हळूहळू प्रेमात पडतात. नाव होतं 'भिंत'. आमच्या चॅनेलला ते फारच कोरडं वाटलं, म्हणून आमच्या अवताराचं नाव पडलं 'भिंतीपलीकडचे साहेब, जेवलात का?'

मूळ मालिका आम्हा सगळ्यांना दाखवली. चांगली होती. पण बघताना आमची माणसं खुर्चीत चुळबुळत होती. लेखिका मा ग्योंगई हिने शेवटी विचारलंच, "या मुलीची आई कुठाय?"

"एका भागात आहे," दिग्दर्शक प्यो म्हणाला. "येते, बेल वाजवते, कॉफी पिते, 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणते आणि जाते."

"आणि या दोघांना भाजी कोण पाठवतं?"

याचं उत्तर नॉर्वेकडेही नव्हतं. पण करारात लिहिलं होतं की मूळ नातीगोती बदलायची नाहीत, आई एकदाच येईल आणि बेल वाजवूनच येईल. त्यावर लक्ष ठेवायला इंगुन नावाची एक उंच बाई नॉर्वेहून मुहूर्ताला आली होती. मुहूर्ताला आम्ही डुकराचं मुंडकं मांडून नमस्कार घालतो. बाई आधी दचकली, मग तिनेही वाकून नमस्कार घातला. माणूस वाईट नव्हती ती. नायक म्हणून दोगोन नावाचा गाणारा पोरगा घेतला, त्याला अभिनय येत नव्हता पण खांदे चांगले होते. नायिका सोदाम. आई हेसुक, एका भागापुरती. आणि सोदामच्या घरातल्या भिंतीवर मी.

दुसऱ्या भागात दोघांचं पहिलं चुंबन होतं. मुळात ते असं: दोघे सोफ्यावर, ओठ जवळ येतात, तेवढ्यात बेल वाजते, दोघे लांब होतात, मुलगी दार उघडते, आई म्हणते, "फोन करून यायला हवं होतं." सेटच्या दाराला खरंच चालणारं कुलूप बसवलं होतं, कारण कुलपाच्या एका कंपनीने मालिकेत पैसे घातले होते. कुठलाही नंबर दाबला तरी ते टिंगटिंग वाजून उघडायचं, नट लोकांना आकडे पाठ करायला नकोत म्हणून.

कॅमेरा सुरू झाला. हेसुक दाराबाहेर, दोन्ही हातांत डब्यांची गाठोडी. आत ओठ जवळ आले. आणि हेसुकने दर मंगळवारच्या सवयीने कोपराने कुलपाचं झाकण वर केलं, अंगठ्याने चार आकडे दाबले आणि टिंगटिंग करत थेट आत आली. चपला काढल्या. सोफ्याकडे ढुंकूनही न बघता फ्रिज उघडला आणि आतला नकली खोका बाहेर काढून म्हणाली, "हे कधीचं आहे गं? घोड्यालासुद्धा घालणार नाही कुणी!"

सोदाम थिजली. दोगोन बिचारा शर्टाची बटणं उघडी घेऊन बसला होता. समोर वडीलधारी बाई दिसताच तो ताडकन उठला, कमरेत पार वाकला आणि वाकूनच बोलला, "नमस्कार, आई. जेवण झालं का?"

संहितेत यातलं काहीही नव्हतं. पोराच्या हाडात होतं ते आपोआप बाहेर आलं. आमच्याकडचा कुठलाही मुलगा तेच करेल, घरात आग लागली असली तरी. हेसुकने त्याच्याकडे वळून पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाली, "माझं झालं. तू आधी बटणं लाव, मग आपण जेवणाचं बोलू." आणि जाता जाता सोदामच्या पाठीत एक धपाटा.

प्योने 'कट' म्हटलंच नाही. मा ग्योंगई कोपऱ्यात खुर्चीवर बसून डोळे पुसत होती, हसून की काय ते कळेना. "हे असंच ठेवायचं," ती म्हणाली.

"करार?" प्यो म्हणाला.

"आई एकदाच आलीय ना? मग?"

ते दृश्य प्रसारित झालं आणि दुसऱ्या दिवशी चॅनेलच्या वेबसाइटवर प्रेक्षकांची झुंबड उडाली. मुली लिहीत होत्या, हे दृश्य बघून मला घाम फुटला. आया लिहीत होत्या, मुलीच्या फ्रिजमध्ये खरंच घाण असते, आई चुकीचं काय बोलली? चुंबनाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. चॅनेलच्या वरच्या साहेबाचा फोन आला की आईला प्रत्येक भागात आणा. कुलपाच्या कंपनीने आणखी पैसे घातले. नॉर्वेला सविस्तर खुलासा गेला की कोरियात आई ही वेगळी व्यक्ती धरत नाहीत, ती घराचाच भाग असते, म्हणून तिच्या येण्याने नातीगोती बदलत नाहीत. इंगुनबाईने उलट विचारलं, ही बाई घरात घुसते तेव्हा पोलीस का येत नाहीत?

झालं, नाकापेक्षा मोती जड. पुढच्या प्रत्येक भागात ओठ जवळ आले की टिंगटिंग. दोगोनच्या चाहत्या मुलींनी सेटवर कॉफीची गाडी पाठवली, तिच्यावर फलक होता, 'आई, कृपया पाच मिनिटं थांबा.' हेसुकने त्या गाडीवरची कॉफी दोनदा घेतली. माझाही फायदा झाला. बायको इतकी पडद्यावर आल्यावर तिला रडायला फोटो लागणारच, त्यामुळे मला जवळून दाखवायला लागले.

पण मेकअपच्या खुर्चीत बसून हेसुक बोलत होती. आणि शेजारच्या खुर्चीत मा ग्योंगई चहा पीत ऐकत होती. मा ग्योंगई कशी, तर तिच्यासमोर कुणी शिंकलं तर पुढच्या भागात कुणाला तरी सर्दी होते. मी हेसुकला डोळ्यांनी खुणावलं, खोकलोसुद्धा. पण माझ्या खोकल्याचा अर्थ तिला एकच ठाऊक होता.

"अहो, डॉक्टरला दाखवा एकदा," ती म्हणाली आणि पुढे सुरू. "तर काय सांगत होते, सायरन वाजला हो! माझ्याच मुलीच्या दारात! पोटच्या पोरीने पासवर्ड बदलला आणि मला रखवालदाराने विचारलं, तुमच्याकडे कसा नाही!"

"आणि मग तुम्ही काय केलंत, हेसुकबाई?" मा ग्योंगईने गोड आवाजात विचारलं.

"काय करणार? डबे मुठीला अडकवले आणि आले."

पुढच्याच आठवड्यात नवी पानं आली. त्या वेळी आमच्याकडे संहिता अशीच यायची, सकाळी पानं, दुपारी शूटिंग आणि दोन दिवसांत पडद्यावर. सोदाम पासवर्ड बदलते. आई दारात. सायरन. रखवालदार. डबे मुठीला. हेसुक पानं वाचत गेली तशी तिच्या चेहऱ्याची रया गेली.

"हे तर माझंच आहे," ती म्हणाली.

"तुमचंच तर पाहिजे ना, हेसुकबाई. दुसऱ्याचं कशाला आणायचं?" मा ग्योंगई म्हणाली.

मी म्हटलं, नको करूस. साफ नाही म्हण. तर म्हणते, "अहो, तीस वर्षांत मी कुठल्या दृश्याला नाही म्हटलंय? आणि बघेल तरी ती. बघून कदाचित तिला कळेल माझं काय होतं ते." तिने ते दृश्य केलं. सायरन वाजत असताना तिने गाठोडं छातीशी धरलं आणि कुलपाकडे असं पाहिलं की कॅमेरावाला नाक ओढायला लागला.

आता देशच पेटला. सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात तज्ज्ञ बसवले. आईला पासवर्ड द्यावा की न द्यावा? एक मानसोपचारवाला नको म्हणाला, त्याच्या आईने स्टुडिओत फोन केला. कुलपाच्या कंपनीने 'आईसाठी वेगळा पासवर्ड' अशी नवी सोय बाजारात आणली. भिंतीपलीकडचे साहेब जेवले की उपाशी राहिले याची कुणाला पडलेली नव्हती. दोगोन एका भागात फक्त जिना चढताना दिसला.

दाजोंगचा फोन आला तेव्हा आम्ही जेवणाच्या सुट्टीत माझ्या गाडीत बसलो होतो. हेसुकचे हात डब्यात होते, म्हणून तिने मोबाइल स्पीकरवर टाकला. मी दार उघडून उतरणार होतो, पण बाहेर पाऊस होता.

"आई, तो रखवालदार मला काल काय म्हणाला माहितीये? 'द्या ना ताई आईला पासवर्ड, आमच्या घरी सगळे रडतायत.' लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे बघतात. माझ्या दाराचा पासवर्ड मागायला तू अख्खा देश उभा केलास, आई!"

"अगं मी लिहिलं का ते? लेखिकेने..."

"लेखिकेला कुणी सांगितलं? तुला काही सांगायची भीती वाटते मला. काही म्हणजे काहीही. तू आता येऊही नकोस आणि डबेही अडकवू नकोस."

फोन बंद झाला. हेसुक रडली नाही. रडायचे पैसे घेणारी बाई फुकट रडत नाही, असं ती नेहमी म्हणायची. त्या दिवशी मात्र तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि डबा तसाच बंद केला. "अहो," ती म्हणाली, "पासवर्ड राहिला बाजूला. मी मुलगीच घालवून बसले." मला तिची फार कणव आली आणि रागही आला, तिचा, त्या लेखिकेचा आणि तिन्हीत्रिकाळ दुसऱ्याच्या दाराला कान लावणाऱ्या आमच्या सगळ्या देशाचा. मी डबा पुन्हा उघडून तिच्यापुढे केला. मी म्हटलं, "थोडं सूप तरी पी."

शेवटच्या भागाची पानं आली. प्रेमिकांनी मधली भिंत फोडायची, ते दोन मिनिटांत उरकलं होतं. खरा शेवट असा: सोदाम आईला पासवर्ड कानात सांगते, आई तो दाबते, टिंगटिंग, दार उघडतं, दोघी गळ्यात पडतात, मागे फोटोत मी हसतो. माझा हसरा फोटो मुद्दाम नवा काढला होता. कुलपाच्या कंपनीचे दोन साहेब सूट घालून आले होते. इंगुनबाईही आली होती, आपल्या मालिकेचं काय झालं ते डोळ्यांनी बघायला. ती दुभाष्या मुलीजवळ हाताची घडी घालून उभी होती.

सोदामने कानात सांगितलं. तिथवर ठीक झालं. मग दुसरं दृश्य, आई दारात एकटी. हेसुकने गाठोडं एका हातात घेतलं, कुलपाचं झाकण वर केलं. साहेब लोक पुढे झुकले. तिचा अंगठा आकड्यांवर गेला आणि तिथेच थांबला. इतका वेळ थांबला की प्योने माझ्याकडे पाहिलं, जणू फोटोला काही ठाऊक असणार. मग तिने झाकण हळूच खाली केलं. बेल वाजवली. गाठोडं दारापाशी ठेवलं, त्याची गाठ नीट केली आणि पाठ फिरवून चालू लागली. पहिली बेल आत ऐकू गेली नसेल अशी भीती तिला वाटली की काय कुणास ठाऊक, चार पावलांवरून परत येऊन तिने आणखी एकदा वाजवली आणि मग मात्र गेली, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, सेटबाहेर, थेट माझ्या गाडीपर्यंत.

कुलपाचे साहेब ओरडत होते की टिंगटिंग कुठाय, आम्ही कशाचे पैसे दिले? प्यो डोकं धरून बसला होता. दृश्य पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, भाग रात्रीच दाखवायचा होता. आणि तेवढ्यात इंगुनबाई टाळ्या वाजवायला लागली. दुभाष्या मुलीने सांगितलं, "बाई म्हणतायत, हे बरोबर झालं. आमच्या दुसऱ्या भागातच आई अशी बेल वाजवते." एवढ्या लांबून विकत आणलेली गोष्ट सोळा भाग तुडवून आम्ही तिच्या पहिल्या पायरीवर येऊन टेकलो होतो. मा ग्योंगई ते ऐकून म्हणाली की माझ्या मनात हेच होतं. लेखिका लोकांच्या मनात नेहमी तेच असतं.

पुढचा मंगळवार आला. मालिका संपली होती. सकाळी हेसुक गाठोडं घेऊन माझ्या दारात. मी म्हटलं, "ती नको म्हणालीय ना?"

"शेवटचंच. हिवाळ्याची किमची घातलीय, एक बरणी तिच्या वाटणीची. ती अडकवून नाही जमणार, जड आहे. तुम्ही वर चला."

बाराव्या मजल्यावर मी बरणी दारापाशी ठेवली. हेसुकने बेल वाजवली आणि लगेच लिफ्टकडे निघाली, चोरी करून पळाल्यासारखी. लिफ्ट तळमजल्यावर होती. ती यायच्या आत मागे दार उघडलं.

दाजोंग दारात उभी होती. मंगळवारी, भर दुपारी. अंगात घरातले चुरगळलेले कपडे, केस कसेतरी वर बांधलेले आणि गालाची हाडं वर आलेली. हेसुकने तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या खांद्यावरून आत, मोकळ्या घरात.

"ऑफिस?" एवढंच तिने विचारलं.

"नाहीये ऑफिस," दाजोंग म्हणाली. "उन्हाळ्यातच काढलं, आमचा अख्खा विभाग बंद केला. तू मंगळवारी आली असतीस तर मी घरातच सापडले असते. म्हणून बदलला पासवर्ड. दुसरी नोकरी लागली की सांगणारच होते तुला. पण तुला सांगितलं असतं तर आई, संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टुडिओला कळलं असतं."

हेसुक लिफ्टपासून दोन पावलं दाराकडे आली. हे खरं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. लिफ्ट येऊन, दार उघडून, परत गेली.

"परवाचा भाग बघितला मी," दाजोंग म्हणाली. "तू पासवर्ड दाबला नाहीस." मग ती दारातून बाजूला झाली. "आत ये ना, आई. काका, तुम्हीपण या."

आम्ही चपला काढून आत गेलो. हेसुक सवयीने सरळ फ्रिजपाशी गेली. हात मुठीवर ठेवला आणि काढून घेतला.

"उघडू का गं?" तिने विचारलं.

सात वेळा नवरा झालो मी या बाईचा. तिला असं काही विचारताना मी तोवर ऐकलं नव्हतं. दाजोंगने मान हलवली. आत एक पाण्याची बाटली होती आणि आईने मागे दाराला अडकवलेले डबे होते, एकावर एक लावलेले, धुऊन पुसलेले, रिकामे. हेसुकने ते बघितलं आणि पहिल्यांदा ती फुकट रडली, फ्रिजचं दार तसंच उघडं ठेवून.

जेवताना धपाटा मिळाला दाजोंगला, एकच, आणि तो खरा लागला असं ती म्हणाली. निघताना ती आम्हाला दारापर्यंत सोडायला आली आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, नवा पासवर्ड..."

हेसुकने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नकोस! शुक्रवारी रेडिओवर मुलाखत आहे माझी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला ठाऊक आहे ना?"

पुढे दाजोंगला दुसरी नोकरी लागली, आधीपेक्षा लहान कंपनीत. मंगळवार मोडला, आता आम्ही रविवारी जातो, ती घरी असताना. हेसुकने पासवर्ड अजून विचारलेला नाही. बेल वाजवते. उघडायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात ती गाठोडं या हातातून त्या हातात घेते, दाराला कान लावते आणि हळूच मला म्हणते, "अहो, ऐका, येतेय ती."